चाक दुसऱ्याच्या हाती

मोटारींची रॅली ही गोल मैदानावरच्या शर्यतीसारखी नसते. तिथे गाड्या एकमेकींना खेटून धावत नाहीत. ठरावीक अंतराने एकेक गाडी सुटते आणि जंगलातला, डोंगरातला, बर्फातला रस्ता घड्याळाशी झुंजत कापते. गाडीत दोघं असतात. एक चालवतो, दुसरा शेजारी बसून वही वाचतो. पुढे डावं वळण, मग चढ, चढ संपताच उजवीकडे दगड. शब्द मोजके हवेत आणि वेळेवर हवेत. मी कविता लिहिणारा माणूस. मला या वहीचं फार अप्रूप वाटतं. एक शब्द उशिरा आला तर गाडी दरीत, इतका भार आमच्या शब्दांवर क्वचितच असतो.

याच रस्त्यावरून आलेल्या एका माणसाबद्दल आज बोलायचं आहे. त्यांचं नाव ओवे अँडरसन. जन्म १९३८चा, स्वीडनमधल्या उप्सालाचा. रॅलीच्या जगात त्यांना सगळे ‘पोप’ म्हणत. १९७१ हे त्यांचं वर्ष होतं. फ्रान्सच्या अल्पीन या छोट्या, हलक्या गाडीतून त्यांनी माँटे कार्लो, इटलीतली सान रेमो, ऑस्ट्रियातली आल्पाइन आणि ग्रीसमधली अ‍ॅक्रोपोलिस अशा चार मोठ्या रॅली जिंकल्या. पण तेव्हा विजेतेपद गाडी बनवणाऱ्या कंपनीला मिळे. चालकांसाठी जागतिक विजेतेपद सुरू झालं ते १९७९ साली. त्यामुळे इतकं जिंकूनही ‘जगज्जेता’ हा शब्द त्यांच्या नावापुढे कधी लागला नाही.

१९७२च्या अखेरीस ब्रिटनमधल्या रॅलीत ते टोयोटाची सेलिका घेऊन उतरले. युरोपच्या रॅलीत तेव्हा या जपानी कंपनीला फारसं कुणी मोजत नव्हतं. पुढच्याच वर्षी अँडरसन यांनी उप्सालात स्वतःच्या नावाने लहानसा संघ काढला आणि टोयोटाच्या गाड्या शर्यतीत उतरवायला सुरुवात केली. १९७३च्या शेवटी तेलसंकट आलं, सगळ्यांचेच हात आखडले. तरी संघ टिकला. आधी ब्रुसेल्स, मग जर्मनीतलं कोलोन, असं त्याचं बिऱ्हाड हललं. १९७५ साली अँडरसन स्वतः प्यूजो गाडीतून केनियाची सफारी रॅली जिंकले. त्याच वर्षी त्यांच्या संघाच्या टोयोटातून फिनलंडची रॅली जिंकली हानू मिकोला यांनी. एकाच वर्षात एक विजय स्वतःच्या हाताचा, दुसरा दुसऱ्याच्या. त्यानंतर त्यांचं आयुष्य दुसऱ्या प्रकारच्या विजयाकडे वळलं.

आपल्याकडे बैलगाडीच्या शर्यतीत जोडीचं नाव होतं, हाकणाऱ्याचं होतं. वर्षभर वैरणपाणी करणारा, खुरांची काळजी घेणारा माणूस गर्दीत मागे उभा असतो. संघव्यवस्थापकाचं काम बरंचसं तसंच. कुठला चालक घ्यायचा, टायर कोणते, सुटे भाग कुठल्या गावी थांबवायचे, पैसा कुठून आणायचा, हे सगळं त्याने पाहायचं. गाडी सुटली की मात्र त्याच्या हातात काही उरत नाही. तो वाट पाहतो.

हे वाट पाहणं किती जड असतं, ते १९८७ साली आफ्रिकेत दिसलं. तिथल्या लांबलचक रॅलींमध्ये गाड्यांच्या वर एक छोटं विमान उडत असे. रस्त्यावर जनावरं आहेत, समोरून ट्रक येतो आहे, असं वरून रेडिओने सांगायचं. आयव्हरी कोस्टच्या रॅलीत टोयोटा संघाचं हे विमान कोसळलं. त्यात हेन्री लिडन गेले. १९६४ साली मिनी गाडीतून माँटे कार्लो जिंकणारे सहचालक ते हेच. इतरांना सावध करायला वर गेलेला माणूस परत आला नाही. संघाने गाड्या शर्यतीतून काढून घेतल्या.

मग यशाची वर्षं आली. १९९० आणि १९९२ साली कार्लोस साइन्झ, १९९३ साली युहा कांकुनेन, १९९४ साली दिदिए ओरिओल हे अँडरसन यांच्या संघातून जगज्जेते झाले. जो मान स्वतःला मिळाला नाही, तो त्यांनी चार वेळा दुसऱ्यांच्या हाती दिला.

आणि १९९५ साली स्पेनच्या रॅलीत संघाची लबाडी पकडली गेली. इंजिनात जाणारी हवा मर्यादित ठेवणारी एक कडी नियमाने बसवावी लागते. टोयोटाच्या गाड्यांत ती अशी बेमालूम रचली होती, की तपासताना सगळं नियमात दिसावं आणि धावताना मात्र जास्त हवा आत जावी. आपल्या तीस वर्षांत अशी चतुर करामत पाहिली नाही, असं जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली म्हणाले. वर्षभराचे सगळे गुण गेले, बारा महिन्यांची बंदी आली. विजेतेपदाच्या शर्यतीत असलेल्या कांकुनेन यांचे गुणही त्यातच गेले.

मला या माणसाच्या गोष्टीत हे वळण सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चालक चुकला तर त्याची किंमत बहुधा त्याचंच शरीर मोजतं. संघाचा प्रमुख झालं की कार्यशाळेच्या कोपऱ्यात कुणीतरी फिरवलेला स्क्रूसुद्धा आपल्या नावावर जमा होतो. अँडरसन यांनी कोलोन सोडलं नाही. १९९७ साली नवी करोला घेऊन संघ परतला. १९९८ साली शेवटच्या रॅलीच्या शेवटच्या टप्प्यात, रेषा काही शे मीटरवर असताना साइन्झ यांचं इंजिन बंद पडलं आणि जगज्जेतेपद हातचं गेलं. १९९९ साली मात्र कंपन्यांचं विजेतेपद टोयोटाला मिळालं. यावेळी ते निर्मळ होतं.

पुढे टोयोटाने त्यांच्यावर फॉर्म्युला वनची जबाबदारी टाकली. २००२ साली मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत मिका सालो सहावे आले, एक गुण मिळाला. २००३च्या अखेरीस अँडरसन निवृत्त झाले. टोयोटाला फॉर्म्युला वनमध्ये एकही शर्यत जिंकता आली नाही. २००९ साली तो संघ बंद झाला. कोलोनचं केंद्र मात्र राहिलं. तिथून चालणाऱ्या संघाने २०१८पासून सलग पाच वर्षं फ्रान्समधली ल मॉची चोवीस तासांची शर्यत जिंकली.

ते पाहायला अँडरसन नव्हते. जून २००८मध्ये दक्षिण आफ्रिकेत जुन्या गाड्यांची एक रॅली होती. सत्तर वर्षांचे अँडरसन एका जुन्या व्हॉल्व्होत बसून तीत उतरले आणि समोरून आलेल्या गाडीशी टक्कर होऊन गेले. तीस वर्षं दुसऱ्यांच्या हाती गाडी देऊन वाट पाहणारा हा माणूस शेवटी पुन्हा रस्त्यावर होता, आणि चाक त्याच्याच हातात होतं.