ओघळ बोटाएवढी असते तवा

शंभर वर्षांच्या सोहळ्यात मला दोन शब्द बोलायला सांगितलं. कीर्तनाला उभं राहायची सवय हाय, पण आज अभंग लावत नाही. आज मातीवर बोलतो.

आमचं नि चुलतभावाचं रान वरखाली आहे. माझं वर, त्याचं खाली. मधी आजोबांनी घातलेली ताल होती, बैलजोडी चालेल एवढी रुंद. मी दर साली नांगराचं एक तास त्या तालीत घालायचो. भाऊ बघायचा, बोलायचा नाही. गळ्यात माळ आणि हातानं बांध कोरायचा! दुसऱ्यानं सांगण्यापेक्षा हे मीच सांगितलेलं बरं. दहाबारा वर्षांत ताल हातभर उरली. एका आषाढीला आपण पंढरीत असताना इकडं रात्री पाऊस कोसळला आणि ती फुटली. परत येऊन बघतो तर माझ्या रानात मुरूम उघडा, आणि माती भावाच्या विहिरीत. बोटभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. माझी एका रात्रीत गेली.

मग भावाच्या पाया पडलो आणि दोघांनी मिळून काम धरलं. बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो, चौथीनंतर शाळा सुटलेली. आईबरोबर बांधबंदिस्तीच्या कामावर घमेली वाहिली, सुकडी खाल्ली. तिथं बघितलेलं तवा कामी आलं.

मंडळी, दिवे घाट आपण चढतो. वाट वळणं घेत जाते, सरळ नाही. उतार मोडला म्हणून बैलांना रथ ओढवतो. पाण्याचंही तसंच. सरळ सोडलं की धावतं, आणि धावणारं पाणी माती घेऊन जातं. त्याला चालायला लावायचं, एवढंच सगळं काम. नांगरट आणि पेरणी उताराला आडवी करा. उभी पेरली की प्रत्येक तास म्हणजे पाण्याची वाट.

काम वरून धरा, माळापासून. खाली मोठा बंधारा बांधून वरचा माळ उघडा ठेवला तर बंधारा गाळानं भरतो. माळावर चर काढायचे ते एका पातळीत, पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी बघायची. नजरेचा अंदाज फसतो. निघालेली माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची. ओघळीत दगडाचा बांध घालताना पाया आणि दोन्ही टोकं जमिनीत शिरवा, आणि मधला भाग खोलगट ठेवा. आम्ही पहिल्यांदा मधी उंच केला, तर पाण्यानं दोन्ही काठ कापले आणि बांध मधीच उभा, देवळातल्या नंदीसारखा! तालीलाही दगडाचा सांडवा पायजेच. पाणी अडवायचं, पण जास्तीच्या पाण्याला वाट ठेवायची. आमच्या तालीवर आता मारवेल गवत नि घायपात आहे, कडेला वाळा लावला. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, पिकात घुसत नाहीत.

वाऱ्यानंही माती जाते. वैशाखातली वावटळ बघा, तांबडी कशानं दिसते? रान मोकळं पडलं तर धसकटं राहू द्या, उसाचं पाचट जाळू नका.

नदीकाठचं मात्र माणसाच्या हातून लई बिघडलं. पंढरीला भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून आपण चंद्रभागा म्हणतो. कुठलीही नदी वळली की बाहेरचा काठ कापते आणि आतल्या अंगाला गाळ टाकते. त्या बाहेरच्या काठावर करंज, बांबू, निरगुडी पायजे. आपण झाडं तोडली, वर पात्रातली वाळू काढली. वाळू खोल काढली की काठाचा पायाच जातो, मग तो ढासळतो. भिंत बांधायला पैसा कुठनं आणायचा? त्यापेक्षा वाळूचा ट्रॅक्टर गावानं अडवावा. त्यात आपल्या दिंडीतली पोरंही असतात, म्हणून इथंच बोललो.

ताल पुन्हा घालून आठ वर्षं झाली. वरच्या पट्टीत अजून ज्वारी गुडघ्याच्या वर जात नाही. भावाची विहीर दोघांनी मिळून उपसली, तो गाळ माझ्याच रानात परत टाकला. भाऊ आता वारीला माझ्या शेजारी चालतो.

आपल्या देवळामागच्या माळावर तीन ओघळी पडल्यात. एक अजून बोटाएवढी आहे, ती दोन माणसांत बुजते. बाकीच्या दोनीला दगड लागतील. येत्या द्वादशीला पारणं सोडून माळावर या. पहारी माझ्याकडं दोन आहेत, घमेली घरून आणा.