मोगरी लावणारे हात

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या उत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



जगातल्या अजब सोहळ्यांबद्दल बोला, असा मंडळाचा निरोप होता. पण सुरुवात जळगावपासून करतो, कारण इथल्या कितीतरी घरांची मुळं ताप्ती लाइनच्या त्या टोकाला आहेत.

कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातून श्रीरामाचा रथ निघतो. अप्पा महाराजांनी 1872 साली ही प्रथा सुरू केली. लाकडी रथाला ना ब्रेक, ना स्टिअरिंग. दोराला अनेक हात लागलेले असतात, पण रथ कुठे वळायचा आणि कुठे थांबायचा, हे चाकाजवळ वाकून चालणारी मोजकी माणसं ठरवतात. त्यांच्या हातात लाकडी मोगरी असते. ती नेमक्या क्षणी चाकाखाली सरकवली की रथ थांबतो किंवा वळतो. फोटो रथाचा निघतो, मोगरीवाला त्यात क्वचितच दिसतो.

आता जपानला चला. क्योतो शहरात जुलैमध्ये गिओन उत्सव भरतो. 869 साली साथ आली, तेव्हाच्या प्रार्थनेतून तो सुरू झाला. त्यातले मोठे रथ बारा टनांच्या आसपास भरतात. त्यांचे सांगाडे खिळे न ठोकता नुसत्या दोरांनी बांधलेले असतात. चाकं सरळच चालतात, म्हणून कोपरा आला की चाकांखाली ओल्या बांबूच्या कामट्या अंथरतात आणि सगळे मिळून रथ बाजूला ओढतात. थोडा थोडा करत तो काटकोनात वळतो. एकेक रथ एकेका मोहल्ल्याचा असतो. मिरवणूक झाली की तो सोडून ठेवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बांधतात. त्यामुळे गाठ मारायची विद्या दर पिढीला शिकावीच लागते. आपण कापडाच्या शहरातले, म्हणून हेही सांगतो: त्या रथांवर मिरवणाऱ्या जुन्या वस्त्रांत भारतात विणलेले गालिचेही आहेत.

दहीहंडी आपल्याला ठाऊक आहे. 2012 साली ठाण्यात जय जवान पथकाने 9 थर लावून 13.34 मीटरचा गिनीज विक्रम केला. स्पेनच्या कॅटलोनिया भागातही असेच मानवी मनोरे रचतात. सर्वांत वर चढलेलं लहान मूल हात उंचावतं. पण मनोरा पुरा झाला असं तेव्हाही मानत नाहीत. सगळे थर सुखरूप खाली उतरले, तरच पूर्ण यश. आणि भार घेतो तो तळाचा घोळका, ज्यात आजोबाही असतात आणि नातही.

त्याच देशातल्या वॅलेन्सियात मार्चमध्ये चौकाचौकांत भव्य पुतळे उभे राहतात आणि 19 तारखेच्या रात्री जाळले जातात. आपल्या विसर्जनासारखंच! मात्र 1934 पासून लोक मतदान करून दरवर्षी एखादा पुतळा वाचवतात आणि तो संग्रहालयात जातो. आपल्या पुण्यातही भाऊसाहेब रंगारींचा 1892 सालचा गणपती असाच जपलेला आहे. लाकूड आणि कागदाच्या लगद्याची ती मूर्ती आजही पुजली जाते.

आता आपल्या मांडवात येऊ.

मी नववीत असताना आम्ही पोरांनी कालियामर्दनाचा हलता देखावा केला होता. भंगारातली वायपरची मोटर, सायकलची चेन आणि प्लायवूडचा कृष्ण. पहिल्याच संध्याकाळी बोल्ट तुटला आणि कृष्ण नागाच्या फण्यावर अडकला. आरती संपेपर्यंत मी पडद्यामागे बसून हाताने फळी वर-खाली करत होतो. बाहेर एक काकू म्हणाल्या, “किती झकास हलतोय!” रात्री लूमवर फिटर असलेले एक काका आले. मी नवा बोल्ट मागितला. ते म्हणाले, “का तुटला ते सांग आधी, मग देतो.” आम्ही तासभर डोकं खाजवलं. फळी तिरकी बसली होती आणि सगळा ताण एकाच बोल्टवर येत होता. पुढे मी डिप्लोमाला गेलो, पण माझा पहिला धडा त्या पडद्यामागचा.

आज आपली सजावट कंत्राटावर येते. देखणी असते, वेळेवर येते, त्याबद्दल तक्रार नाही. नोकरी आणि पाळ्या सांभाळून सगळ्यांना रात्री जागणं जमत नाही, हेही खरं. पण आपली मुलं ती सजावट मोबाइलमध्ये टिपतात आणि घरी जातात. पडद्यामागे कुणी बसत नाही. आणि तो प्रश्न विचारणारे फिटर, सुतार, शिवणकाम करणाऱ्या आज्या आपल्यात अजून आहेत. आणखी दहा वर्षांनी त्यांना कुठे शोधणार?

म्हणून एकच विनंती. मंच आणि रोषणाई कंत्राटावरच राहू द्या. शेजारी सहा फुटांची जागा मुलांना द्या. बारा व्होल्टची मोटर, म्हणजे शॉकची भीती नको. जुलैपासून रविवारी दोन तास मी येईन, ज्येष्ठांपैकी दोघांनी यावं. बिघडलं तर बिघडू द्या, आरतीपुरती फळी हलवायला मी बसेन.

रथ सगळेच ओढतात. मोगरी लावायला मात्र कुणीतरी शिकवावं लागतं.

गणपती बाप्पा मोरया!