सर्व्हर बंद नसतो, वाट अडलेली असते
(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



मार्च महिन्याचा अखेरचा आठवडा. तालुक्याच्या एखाद्या कचेरीत देयके पुरी करण्याची धावपळ चाललेली असते. लेखा शाखेतील लिपिक सकाळी संगणक सुरू करतो, आपले नाव व पासवर्ड देतो आणि पडद्यावर प्रवेश नाकारल्याचा संदेश उमटतो. शेजारच्या टेबलावर प्रवेश मिळतो, परंतु लाभार्थ्यांची यादी ज्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवलेली आहे, ते उघडत नाही. दुपारपर्यंत दाराशी माणसे जमतात. त्यांना सांगण्यात येते, "सर्व्हर बंद आहे, उद्या या." सर्व्हर मात्र आपल्या खोलीत व्यवस्थित चालू असतो.

पूर्वी "फाईल सापडत नाही" या वाक्याने नागरिकाला परत पाठविले जाई. आज "सर्व्हर बंद आहे" हे वाक्य तेच काम करते. वस्तुतः या दोन्ही वाक्यांमागचे कारण बहुधा शोधून काढण्याजोगे असते. त्यासाठी प्रत्येकाने तंत्रज्ञ होण्याची गरज नाही. कोणती वाट कोठे अडली, हे क्रमाने पाहण्याची सवय मात्र हवी.

तीन प्रश्न, एक क्रम

विंडोज सर्व्हरसारखी प्रणाली कोणतीही सामाईक फाईल देण्यापूर्वी तीन गोष्टींतून जाते. पहिली, मागणारा संगणक सर्व्हरपर्यंत पोहोचला काय? दुसरी, मागणारा कोण आहे? तिसरी, त्याला ही फाईल पाहण्याचा किंवा बदलण्याचा अधिकार आहे काय? वाट, ओळख आणि अधिकार हा तो क्रम होय. पडद्यावरील संदेशाचा क्रमांक बहुधा यांपैकी एकाकडे बोट दाखवितो. ५३ हा क्रमांक आला तर वाट सापडलेली नाही. १३२६ आला तर नाव किंवा पासवर्ड जुळलेला नाही. ५ आला तर ओळख पटली, पण अधिकार नाही. म्हणून संदेश घाईने बंद न करता त्याचा क्रमांक, वेळ व संगणकाचे नाव कागदावर टिपून ठेवावे. निम्मे निदान तेथेच होते.

वाट आणि घड्याळ

वाटेचा दोष पाहताना प्रथम तार व स्विच पाहावा. नंतर सर्व्हर त्याच्या नावाने व त्याच्या आयपी क्रमांकाने, अशा दोन्ही रीतींनी उघडून पाहावा. क्रमांकाने उघडतो आणि नावाने उघडत नाही, असे झाल्यास नावांची नोंद ठेवणाऱ्या डीएनएस सेवेकडे वळावे. पुष्कळदा कोणीतरी इंटरनेट चालावे म्हणून संगणकाच्या मांडणीत बाहेरच्या सेवेचा डीएनएस क्रमांक भरलेला असतो. इंटरनेट चालते, पण त्या बाहेरच्या सेवेला कचेरीतील सर्व्हर ठाऊक नसतो. परगावच्या पोस्टमनला आपल्या गल्लीतील घर विचारावे, तसा हा प्रकार होतो.

मात्र अशाच लक्षणाचे दुसरे एक कारण आहे आणि ते घड्याळात असते. विंडोजच्या डोमेनमध्ये ओळख पटविण्यासाठी कर्बेरॉस ही पद्धत वापरली जाते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८० च्या दशकात ती तयार झाली. ग्रीक पुराणातील तीन डोक्यांच्या राखणदार कुत्र्यावरून तिला हे नाव मिळाले. ही पद्धत ठरावीक वेळेपुरते तिकीट देते. संगणक व सर्व्हर यांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक फरक पडला, तर सर्वसाधारण मांडणीत ते तिकीट नाकारले जाते. क्रमांकाने सर्व्हर उघडताना सामान्यतः एनटीएलएम ही दुसरी, जुनी पद्धत वापरली जाते. म्हणून तेथे हा दोष झाकला जातो.

जुन्या संगणकातील नाण्याएवढी बॅटरी संपली की त्याचे घड्याळ मागे पडते. दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. संगणकात परदेशाचा कालविभाग निवडलेला असतो आणि कोणीतरी काटे हाताने भारतीय वेळेला लावून ठेवतो. पडद्यावर दहा वाजलेले दिसतात, भिंतीवरही दहाच. परंतु यंत्र आतून जागतिक वेळ मोजते आणि ती काही तासांनी चुकलेली असते. म्हणून वेळ तपासताना कालविभागही तपासावा.

ओळखीचा घोटाळा

एखाद्या शिक्षकाने सोमवारी पासवर्ड बदलला आणि मंगळवारी त्याचे खाते बंद पडले. व्यवस्थापकाने ते उघडून दिले; तासाभरात पुन्हा बंद. अशा वेळी त्या शिक्षकाला विसराळू ठरविण्यात येते. खरे कारण असे की, जुना पासवर्ड दुसऱ्या एखाद्या संगणकात, मोबाईलमध्ये किंवा आपोआप चालणाऱ्या एखाद्या कामात जतन झालेला असतो. ते यंत्र तोच जुना पासवर्ड पुन्हा पुन्हा देत राहते आणि ठरलेल्या चुकांची मर्यादा ओलांडताच खाते कुलूपबंद होते. नुसते कुलूप काढून हा रोग बरा होत नाही. डोमेन कंट्रोलरच्या नोंदवहीत ४७४० क्रमांकाची नोंद पाहावी. चुकीचा पासवर्ड कोणत्या संगणकाकडून आला, त्याचे नाव तेथे बहुधा मिळते. फसलेल्या प्रवेशाची नोंद ४६२५ या क्रमांकाने होते.

माणसांप्रमाणे संगणकांचेही डोमेनमध्ये खाते असते आणि त्यालाही पासवर्ड असतो. तो सामान्यतः दर तीस दिवसांनी आपोआप बदलतो. बिघडलेला संगणक जुन्या प्रतीवरून पूर्ववत केला, की त्याच्याजवळ जुना पासवर्ड राहतो आणि डोमेनशी विश्वाससंबंध तुटल्याचा संदेश येतो. दोष माणसाचा नसतो. संगणकाचे नाते पुन्हा जोडून द्यावे लागते.

दोन कुलुपे

ओळख पटली तरी अधिकाराचा प्रश्न उरतो. सामाईक फोल्डरला दोन कुलुपे असतात : एक वाटणीचे, म्हणजे शेअरचे, दुसरे खुद्द फोल्डरचे. अभिलेखकक्षाचे दार आणि आतले कपाट यांच्यासारखेच हे आहे. दाराशी फक्त वाचण्याची मुभा असेल, तर कपाटावर लिहिण्याचा अधिकार असूनही नेटवर्कवरून येणाऱ्याला लिहिता येत नाही. दोहोंपैकी जो अधिकार कमी, तोच लागू होतो. सर्व्हरसमोर बसून पाहणारा मनुष्य दारातून जातच नाही. म्हणून "येथे तर उघडते" हा त्याचा दाखला अपुरा ठरतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नव्या कर्मचाऱ्याला एखाद्या गटात घेतले, तरी तो बाहेर पडून पुन्हा लॉगिन करीपर्यंत त्याला नवा अधिकार मिळत नाही. तसेच फाईलची नक्कल केली तर ती नव्या जागेचे अधिकार घेते. त्याच डिस्कवर नुसती हलविली तर जुनेच अधिकार बरोबर नेते. "एकच फाईल उघडत नाही" या तक्रारीचे मूळ अनेकदा येथे असते.

सोपा उपाय, महाग उपाय

कामाची घाई असली की एक सोपा उपाय सुचविला जातो : सर्वांना पूर्ण अधिकार द्या, किंवा सर्वांनी एकाच नावाने लॉगिन करा. काम तत्काळ चालू होते, हे खरे. परंतु लाभार्थ्यांच्या यादीतून एखाद्या विधवेचे नाव गळाले, तर ते कोणी काढले याचा माग राहत नाही. नोंदवहीत सर्वांचे एकच नाव असेल, तर ती नोंदवही असून नसल्यासारखीच. चुकीचा संशय निरपराध लिपिकावर येतो आणि दोष कोणाचा हे ठरत नाही.

दुसरा सोपा उपाय म्हणजे जुना दरवाजा पुन्हा उघडणे. फायली वाटून घेण्याच्या एसएमबी या भाषेची पहिली आवृत्ती अतिशय जुनी व असुरक्षित आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस तिच्यातील एका दोषाचा लाभ घेऊन अनेक देशांत पसरला. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेतील रुग्णालयांचे कामही त्याने विस्कळीत केले. तो दोष दुरुस्त करणारी सुधारणा मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. जेथे ती बसविलेली नव्हती, तेथे नुकसान झाले. त्याच वर्षाच्या उत्तरार्धापासून विंडोजच्या नव्या सर्व्हर आवृत्त्यांत ही पहिली आवृत्ती मुळातच बसविलेली नसते. त्यामुळे नवा सर्व्हर आला आणि जुन्या स्कॅनरवरून कागद सर्व्हरवर पोहोचेनासे झाले, असा अनुभव येतो. अशा वेळी जुनी भाषा पुन्हा सुरू करू नये. स्कॅनरची प्रणाली अद्ययावत करावी; ते शक्य नसेल, तर तो बदलावा. एका स्कॅनरसाठी साऱ्या कचेरीचे दप्तर धोक्यात घालणे हा हिशोब परवडणारा नाही.

उपाय हाताशी आहे

प्रत्येक कचेरीत व शाळेत एक साधी वही ठेवावी. अडचण केव्हा आली, कोणत्या संगणकावर आली, संदेशाचा क्रमांक काय होता, अगोदर काय बदलले होते आणि शेवटी कशाने दुरुस्त झाले, एवढ्या पाच गोष्टी तीत लिहाव्यात. बदली होऊन येणाऱ्या नव्या कर्मचाऱ्याला हीच वही मार्गदर्शक ठरेल. पंचायत सदस्यांनीही "सर्व्हर बंद आहे" या उत्तरावर समाधान न मानता एवढेच विचारावे : वाट अडली, ओळख अडली की अधिकार अडला?

हा प्रश्न विचारला गेला की उत्तर शोधावे लागते, आणि उत्तर शोधले की दाराशी थांबलेल्या माणसाला "उद्या या" असे सांगण्याची पाळी क्वचितच येते. त्या माणसाची एक दिवसाची मजुरी वाचते.