बाकाचे सिंहासन



एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र असलेल्या तोंडवलीच्या या वाळूपट्टीवर राजसत्तेच्या नाट्यरूपाचा विचार करावयाचा, तर तो दशावताराच्या बाकापासूनच करणे उचित होय. जत्रेच्या रात्री देवळापुढे मांडलेले ते लाकडी बाक कधी इंद्रसभा असते, कधी राजवाडा, तर कधी वनवासातील शिळा. राजा बसला की ते सिंहासन. तो उठला की पुन्हा बाक!

सतराव्या शतकात दरबारी संगीतनाट्य मात्र नेमके उलट काम करीत होते. फ्रान्सचा चौदावा लुई १६५३ साली नृत्यनाट्यात स्वतः सूर्य होऊन नाचला. सिंहासन हे मनुष्यनिर्मित नाही, ते सृष्टिक्रमाचाच भाग आहे, असे प्रजेच्या मनावर बिंबविण्याचा तो खटाटोप होता. आपल्याकडे तंजावरचे शहाजीराजे (राज्यकाल १६८४ ते १७१२) स्वतःच नाटककार होते. त्यांच्या तेलुगू ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’त देवाच्या पालखीचा थाट आहे, देवाचा सेवक म्हणून मिरविणाऱ्या राजाला त्या थाटाचा वाटा आपोआप मिळतो. त्यांच्याच ‘सतीदानशूरमु’त परस्त्रीवर लुब्ध झालेल्या ब्राह्मणाची यथेच्छ टवाळी आहे. राजाला पुरोहिताची थट्टा परवडते. लेखणी राजाचीच असली म्हणजे झाले.

दशावतारात लेखणीच नाही. संवाद उत्स्फूर्त असतात. दिवसा शेतात राबणारा माणूस स्वतःच्या हाताने तोंडाला रंग लावतो, मुकुट चढवतो आणि पेटी-मृदंगाच्या साथीवर राजा होतो. हा राजा ग्रांथिक मराठी बोलतो. सत्तेची भाषा वेगळी असते, हे गावाला कोणी शिकवावे लागत नाही. त्याच्याआधी, पूर्वरंगात, काळ्या वेषातला संकासुर येतो. तो वेदांचा चोर. परंतु बोलतो गावाची मालवणी. भटाशी हुज्जत घालतो आणि वर्षभर ज्यांच्यापुढे मान खाली घालावी लागते त्यांच्यावर गावाला हसू देतो. अर्थात या हसण्याचे फार कौतुक करून चालणार नाही. संकासुर मारला जातोच. आख्यानाच्या अखेरीस धर्म पुन्हा स्थापन होतो आणि गादी गादीच राहते. स्त्रीचे दुःखही पुरुषच साडी नेसून सांगतो.

सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या इच्छेवरून विष्णुदास भावे यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगविले, तेव्हाही गणपती, सरस्वती आणि विदूषक हा जुना परिवार रंगमंचावर होताच. १८५१ मध्ये आश्रयदाता निवर्तला आणि भाव्यांना प्रेक्षकांच्या पैशावर नाटके करीत हिंडावे लागले. दरबाराची कृपा सुटली, तिकीट आले. या तिकिटाचे महत्त्व आपले नाट्येतिहासकार पुरेसे सांगत नाहीत. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त (१९०७) प्रेक्षकांना कीचकाच्या जागी कर्झन दिसला, तो पैसे देऊन बसलेल्या प्रेक्षकांना. सरकारने १९१० साली नाटकावर बंदी घातली. पौराणिक मुकुटाखाली कोण आहे, हे त्यालाही कळले होते.

दशावताराच्या राजाला अशी बंदी कधी भोवली नाही. पहाटे दहीकाला होई, मुकुट पेटाऱ्यात जाई आणि तो पेटारा डोक्यावर घेऊन रात्रीचे राजे पुढच्या गावाची वाट पायी तुडवीत. तेथे पुन्हा बाक मांडलेले असे, आणि आदल्या रात्री मेलेला संकासुर पुन्हा भटाशी हुज्जत घालावयास उभा राही.