आकाशनौकेची उसनवारी

(रेडिओवरून प्रसारित झालेले भाषण)

व्यासांनी सारे जग उष्टे करून ठेवले आहे असे आपल्याकडे म्हणण्याचा प्रघात आहे, आणि त्या उष्ट्यावर मोरोपंतांपासून गावच्या कीर्तनकारापर्यंत सर्वांनी निःसंकोच पोट भरले. पण त्याबद्दल व्यासांकडे कोणी परवानगीचा अर्ज केल्याचे ऐकिवात नाही. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे त्या अमेरिकन रॉक गायकाने मात्र असा अर्ज केला होता, आणि ज्यांच्याकडे केला ते ग्रंथकार हयात असल्यामुळे त्याला उत्तरही आले.

पॉल कँटनर हे त्याचे नाव. १९४१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचा जन्म झाला. तो आठ वर्षांचा असता आई वारली; अंत्यविधीस त्याला नेले नाही, त्याऐवजी वडिलांनी त्याला सर्कस पाहावयास पाठविले, अशी आठवण तो पुढे सांगत असे. वडील फिरते विक्रेते असल्यामुळे लष्करी शिस्तीच्या एका कॅथलिक निवासी शाळेत त्याची रवानगी झाली, आणि ज्या वयात गोष्ट सांगणारे माणूस उशाशी असावे त्या वयात, त्या शाळेच्या ग्रंथालयात, त्याच्या हाती पहिली विज्ञानकादंबरी पडली.

अशा कादंबऱ्या त्याच्या गाण्यांत कोणत्या वाटेने उतरल्या हे पाहू गेल्यास प्रथम एक गैरसमज दूर सारावा लागतो. रॉक संगीत आणि विज्ञानकथा यांची गाठ म्हणजे विजेच्या गिटारीतून काढलेली अग्निबाणाची घरघर, एवढीच बहुतेकांची कल्पना असते. आणि तसली घरघर कँटनरच्या ध्वनिमुद्रिकांत नाही असेही नाही. परंतु यंत्रे ही त्या कादंबऱ्यांची केवळ वस्त्रे होत. आतली गोष्ट फार जुनी असते: मूठभर माणसे इतरांहून निराळी निघतात, बाकीचा समाज त्यांच्या जिवावर उठतो, आणि ती एके रात्री गाव सोडतात. घरच्यांपासून तुटलेल्या मुलाला अशा वाचनातून जे लाभते ते भविष्यज्ञान नव्हे, तर ‘आम्ही’ हे सर्वनाम. १९६५ साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘जेफरसन एअरप्लेन’ हा वाद्यवृंद उभा राहिला, आणि मार्टी बॅलिन, कँटनर व पुढल्या वर्षी येऊन मिळालेली ग्रेस स्लिक असे तीन कंठ एकदम गाऊ लागले, तेव्हा त्या सर्वनामाला आवाज मिळाला.

१९६८ सालचे ‘क्राउन ऑफ क्रिएशन’ हे गीत घ्या. ज्या ध्वनिमुद्रिकेला त्याने आपले नाव दिले तिच्या वेष्टनावर अणुस्फोटाचा ढग आहे, आणि गीतातले बरेचसे शब्द जॉन विंडम या इंग्रज लेखकाच्या १९५५ सालच्या ‘द क्रिसॅलिड्स’ या कादंबरीतून, लेखकाच्या अनुज्ञेने, जवळजवळ जसेच्या तसे घेतलेले आहेत. महासंहारानंतर शेकडो वर्षांनी लॅब्राडॉरमध्ये वसलेली एक धर्मकठोर वस्ती. पीक असो, जनावर असो की माणसाचे मूल असो, ठरलेल्या आकृतीहून वेगळे निपजले की ते देवद्रोही ठरविण्याचा तेथला शिरस्ता. आणि त्याच वस्तीत, मनातल्या मनात एकमेकांशी बोलू शकणारी काही मुले आपले गुपित जिवापाड जपत मोठी होतात. केस वाढविले म्हणून वाटेत अडविल्या जाणाऱ्या त्या काळच्या तरुणांना हे आपलेच चरित्र वाटले तर त्यात नवल नाही. पण माझ्या मते खरी गोम पुढे आहे. अखेरीस दूरच्या सीलँडहून एक स्त्री आकाशयानातून मुलांना सोडवावयास येते, खाली लढणाऱ्या सर्वांना चिकट तंतूंच्या जाळ्यात गुरफटून मारते, आणि वर शांतपणे समजावते की वरचढ जातीने जुन्या जातीची जागा घ्यावी हा सृष्टीचा कायदाच आहे. वाचक तेथे थबकतो, कारण आजूबाजूला पडलेली प्रेते त्याला दिसत असतात. गाण्यात प्रेते नाहीत. तेच तत्त्वज्ञान तीन कंठांतून, ढोलांच्या ठेक्यावर, हजारोंच्या समुदायावर येऊन आदळते, तेव्हा त्यातला थंड क्रूरपणा कोणाच्या कानी पडत नाही. शब्द उसने आले, शंका मात्र पुस्तकातच राहिली.

दोन वर्षांनी, १९७० साली, कँटनरने ‘ब्लोज अगेन्स्ट द एम्पायर’ ही ध्वनिमुद्रिका काढली. तीत बंडखोर तरुण-तरुणी एक आकाशनौका पळवितात आणि पृथ्वीचा निरोप घेतात. मूळ कल्पना अमेरिकन विज्ञानकथालेखक रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘मेथुसेलाज चिल्ड्रन’ची; ही कथा मासिकातून प्रथम प्रसिद्ध झाली ती १९४१ सालीच, म्हणजे नौका आणि तिचा अपहारकर्ता दोघे एकाच वर्षाचे! कथेतल्या दीर्घायुषी घराण्यांकडे सरकार आयुष्याचे रहस्य उघड करण्याचा तगादा लावते. उघड करण्याजोगे रहस्य तर नसतेच. तेव्हा ती घराणी नौका ताब्यात घेऊन निघून जातात. हाइनलाइन हे आरमारी विद्यालयातून निघालेले, १९६४ च्या निवडणुकीत गोल्डवॉटर या कडव्या उजव्या उमेदवाराचे पाठीराखे. या केसाळ तरुणाचा अर्ज वाचून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असत्या तरी कोणी दोष दिला नसता. परंतु कँटनरने सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे उत्तर आले ते असे की, लोक वर्षानुवर्षे आपल्या कल्पना न विचारता नेत आले आहेत, विचारणारे तुम्हीच पहिले.

पुढल्या वर्षी बोस्टन येथील विज्ञानकथाप्रेमींच्या जागतिक संमेलनात ह्यूगो पारितोषिकाच्या नाट्यविभागात ही ध्वनिमुद्रिका अंतिम यादीत होती. १९७० साली त्या विभागाचे पारितोषिक अपोलो ११ च्या चांद्रमोहिमेच्या दूरचित्रवाणी-वृत्तांताला मिळाले होते, म्हणजे कल्पनेच्या आसनावर वास्तवच येऊन बसले होते. या खेपेस मतदारांनी ‘कोणासही नाही’ असा निवाडा दिला.

सर्वांनाच अशी अनुज्ञा लाभते असे नाही. इंग्रज गायक डेव्हिड बोवी याने ऑर्वेलच्या ‘१९८४’ या कादंबरीवर संगीतिका योजिली असता ग्रंथकाराच्या पत्नी सोनिया यांनी साफ नकार दिला, आणि त्यासाठी रचलेली काही गाणी त्याला १९७४ च्या ‘डायमंड डॉग्ज’मध्ये, स्वतः कल्पिलेल्या उद्ध्वस्त नगरीत, नेऊन वसवावी लागली. माझा कौल विचाराल तर त्या नकाराने बोवीचे भलेच झाले.

कँटनरच्या नौकेचे पुढे काय झाले, तेवढे सांगून रजा घेतो. ‘ब्लोज’च्या वेष्टनावर त्याच्या नावाशेजारी ‘जेफरसन स्टारशिप’ असे छापले होते, पण तो तेव्हा जेरी गार्सिया, डेव्हिड क्रॉस्बी आदी स्नेह्यांचा तात्पुरता मेळावा होता. १९७४ साली त्या नावाचा रीतसर वृंद निघाला, नावारूपाला आला, आणि हळूहळू इतका बाजारी वळणाचा झाला की १९८४ साली कँटनर त्यातून बाहेर पडला. मग नावाच्या मालकीचा तंटा कोर्टात गेला, आणि तडजोड अशी ठरली की मागे राहिलेल्यांनी ‘जेफरसन’ हा शब्द टाकावा. त्यांनी तो टाकला, नुसत्या ‘स्टारशिप’ या नावाने १९८५ साली एक गाणे काढले, आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. नौका त्यांच्याकडेच राहिली.