सांध्यांचे आरोग्य आणि आपली भाकरी

(जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जुन्नर परिसरातील लेण्यांमध्ये सातवाहनकालीन शिलालेख विपुल आहेत. त्यांपैकी एका लेखात धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात कोठड्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आढळते. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी मार्गावरील या नगरीत धान्याचे व्यापारी संघटित होते आणि आपल्या संपत्तीचा वाटा धर्मकार्याला देत होते. धान्याला एवढी प्रतिष्ठा देणाऱ्या या भूमीत आज घरोघरी गुडघेदुखीची चर्चा चालते. त्या चर्चेत तेल, चूर्ण, तांब्याचे कडे आणि कॅल्शियमच्या गोळ्या यांचा उल्लेख होतो. ताटातील भाकरीचा मात्र क्वचितच होतो. म्हणून सांधे, खनिजे आणि आहार यांचा संबंध नेमका किती आणि कसा आहे, याचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

दुखणे एक, कारणे अनेक

'संधिवात' या एका शब्दाखाली आपण अनेक विकार एकत्र करतो. वय, वजन, जुनी दुखापत व श्रम यांमुळे सांध्यातील कूर्चा झिजते, ती संधिगतवाताची अवस्था. शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांवर उलटते, तो दाहक संधिवात. माधवनिदानात वर्णिलेल्या आमवाताशी त्याचे पुष्कळ साम्य आहे. रक्तातील युरिक आम्ल वाढून त्याचे स्फटिक सांध्यात साचतात, तेव्हा अंगठा सुजून लाल होतो. हाडांची ठिसूळता हा तर सांध्यांचा नव्हे, हाडांचा विकार आहे. कारण वेगळे, म्हणून उपायही वेगळा.

खनिजांचे कार्य येथे समजून घ्यावे. शरीरातील सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत व दातांत असते, आणि मॅग्नेशियमचाही निम्म्याहून अधिक साठा हाडांतच असतो. कूर्चेचा सांगाडा कोलॅजन नावाच्या तंतूंचा असतो. ते तंतू एकमेकांशी घट्ट जोडणाऱ्या विकराला तांबे लागते. कूर्चेत पाणी धरून ठेवणारे घटक तयार होताना मँगनीज लागते. झीज भरून काढण्याच्या प्रक्रियेत जस्ताचा सहभाग असतो.

खनिज कमी पडले वा अधिक झाले, तर सांध्यांवर काय परिणाम होतो, याची दोन उदाहरणे बोलकी आहेत. चीनच्या काही भागांत मातीत सेलेनियम अत्यल्प आहे. तेथील मुलांमध्ये आढळणाऱ्या 'काशिन-बेक' या सांध्यांच्या विकाराचे ते एक प्रमुख कारण मानले जाते. उलट, आपल्याच विदर्भात यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आहे. असे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास हाडे व सांधे ताठरतात. तात्पर्य, खनिजांच्या बाबतीत प्रमाण हेच सर्वस्व आहे.

एकाच तालुक्यातील दोन ताटे

जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांना निसर्गाने दोन रूपे दिली आहेत. पश्चिमेला आहुपे, घाटघर, हातवीज, आंबे या बाजूस सह्याद्रीचे कडे, भाताची खाचरे, आणि उतारावर नाचणी व वरई. हिरडा गोळा करणारे महादेव कोळी व ठाकर हे आपले वनवासी बांधव या डोंगरावर राहतात. पूर्वेला बाजरी, हुलगा, मटकी यांची कोरडवाहू शेती होती. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे व डिंभे या धरणांनी तेथे पाणी आणले आणि ऊस, कांदा, टोमॅटो यांनी शिवार फुलले. ही समृद्धी कष्टाने मिळाली आहे, तिचा अभिमानच बाळगला पाहिजे. परंतु शेतातून बाजरी-हुलगा मागे पडला, तसा तो ताटातूनही मागे पडला. डोंगरातही पांढऱ्या तांदळाने नाचणीची जागा घेतली.

या बदलाचा अर्थ आकड्यांत पाहावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात दहाहूनही कमी. हुलग्यात ते अडीचशेहून अधिक असते. बाजरीत कॅल्शियम बेताचे, पण लोह व मॅग्नेशियम भरपूर. न सोललेल्या तिळात हजाराहून अधिक मिलिग्रॅम कॅल्शियम आहे, जस्त आणि तांबेही आहे. तीळ-खोबऱ्याचे सारण भरलेली मासवडी आणि हुलग्याची शेंगोळी हे या भागातील पदार्थ म्हणजे केवळ पाहुणचार नव्हे, तो खनिजांचा साठाही आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, रजोनिवृत्तीनंतर १,२००. शंभर ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरी, एक पेला दूध, शेवग्याच्या किंवा राजगिऱ्याच्या पाल्याची भाजी आणि दोन चमचे तीळ, एवढ्यात हजाराचा हिशेब जवळपास पुरा होतो. अर्थात खाल्लेले सगळे कॅल्शियम अंगी लागत नाही. धान्यातील फायटेट व काही पालेभाज्यांतील ऑक्झलेट ते अडवतात. नाचणीला मोड आणून सत्त्व करणे किंवा पीठ आंबवून आंबील करणे या आजीच्या रीतींमुळे फायटेट कमी होते. लोणचे-पापडातील अति मीठ लघवीवाटे कॅल्शियम बाहेर घालवते, हेही ध्यानात असावे.

कॅल्शियम शोषण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते आणि ते मुख्यत्वे उन्हातून मिळते. सकाळच्या कोवळ्या उन्हापेक्षा अकरा ते दोनच्या दरम्यानचे थोडा वेळ अंगावर घेतलेले ऊन त्यासाठी अधिक उपयोगी असते.

परंपरेचा अभिमान आणि सत्याचा आग्रह

मात्र नाचणी खाल्ल्याने झिजलेला गुडघा पूर्ववत होतो, असे कोणी सांगितल्यास ते असत्य आहे. कॅल्शियमने कूर्चा पुन्हा उगवत नाही. योग्य आहाराने हाडे बळकट होतात, स्नायूंना शक्ती मिळते आणि वजन आवाक्यात राहते. दुखऱ्या सांध्याला त्याचा आधार होतो. वजन एक किलोने घटले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असे २००५ मधील एका अमेरिकी अभ्यासात आढळले. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम हे तर गुडघ्याचे खरे औषध आहे.

तांब्याच्या कड्याविषयीही असेच. ब्रिटनमध्ये दाहक संधिवाताच्या ७० रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याचा विशेष लाभ दिसला नाही. कडे निदान निरुपद्रवी आहे. परंतु बाजारात 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बेनामी पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत वेदना थांबते, आणि पुढे हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. आयुर्वेदाच्या नावाने चालणारा हा व्यवहार आयुर्वेदाचाच अपमान आहे.

सकाळी उठल्यावर हाताची बोटे अर्ध्या-एक तासाहून अधिक काळ ताठ राहत असतील, दोन्ही हातांचे लहान सांधे सुजत असतील, तर घरगुती उपायांत महिने घालवू नयेत. दाहक संधिवात स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दोन-तीन पट आढळतो, आणि पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाल्यास सांधे वाकडे होणे बहुधा टळते. नारायणगाव, मंचर येथील शासकीय रुग्णालयांत जाऊन प्रथम निदान करून घ्यावे. मुतखडा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत.

कर्तव्य कोणाचे?

हाडांची पुंजी विशीपर्यंत बहुतांशी भरते. पुढे ती सांभाळायची असते. म्हणून आज गुडघे दुखणाऱ्या आईइतकाच विचार शाळेत जाणाऱ्या मुलीचा व्हावा. घरात दूध, तूप आधी मुलाला आणि उरले तर मुलीला, ही रीत कोठे असेल, तर ती थांबली पाहिजे. भर पावसात वाकून भाताची आवणी करणारी, डोक्यावरून पाणी आणणारी स्त्री सर्वांचे वाढून झाल्यावर उरलेले खाते. तिच्या हाडांचे ऋण कुटुंबावर आहे.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरड धान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे केले. जगाने नाचणीची थोरवी मान्य केली. आता तालुक्याच्या पूर्वेने ती पश्चिमेकडून विकत घ्यावी. ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील प्रत्येक कुटुंबाने महिन्याला पाच किलो नाचणी डोंगरातील शेतकऱ्याकडून रास्त भावाने थेट घेतली, तर वनवासी बांधवाच्या खाचराला मोल येईल आणि घरातील मुलांच्या हाडांना बळ. समरसता ही भाषणाने येत नाही, अशा रोजच्या व्यवहारातूनच येते. शिवनेरीच्या पायथ्याशी राहणाऱ्या समाजाने या कामाचा आरंभ येत्या हंगामातील नाचणीपासूनच करावा.