वाईकरांच्या वतीने



कृष्णामाईच्या काठी, ढोल्या गणपतीच्या पायाशी, समस्त वाईकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो. समाज आणि पर्यावरण यांविषयी मुलांनी स्वतः प्रश्न काढायचे, त्यांचा माग काढायचा आणि जे हाती आले ते चारचौघांत मांडायचे, अशी ही परिषद. ती आपल्या गावात भरते आहे हे कळल्यापासून गेले काही महिने आम्हा कार्यकर्त्यांच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. मी हळदीचा व्यापारी. संशोधन हे माझे क्षेत्र नव्हे. पण ज्या गावात माझा जन्म गेला ते गाव प्रश्न विचारणाऱ्यांचे आहे, म्हणून स्वागताध्यक्षपदाचा हा मान मी आनंदाने घेतला.

वाई म्हटले की लोकांना घाट आठवतात आणि सिनेमे आठवतात. घाट खरेच पाहण्यासारखे आहेत. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा आमच्या सात आळ्या. प्रत्येक आळीचा घाट वेगळा, प्रत्येक आळीचा कृष्णाबाईचा उत्सव वेगळा. शिवाजी महाराज अफजलखानाच्या संकटातून पार पडावेत म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी आमच्याकडे परंपरा सांगतात. खान वाईचाच सुभेदार होता, तेव्हा त्या वर्षी, 1659 मध्ये, गावाच्या जिवाला किती घोर लागला असेल याची कल्पना करा. पुढे पेशवाईत रास्त्यांनी हे गाव घडवले. येथून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाट आहे. तेथल्या मंदिरापाशी टांगलेली मोठी घंटा 1739 च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली, पोर्तुगीज घडणीची आहे. उद्या दुपारी तेथे नेण्याची सोय केली आहे, ती कोणी चुकवू नये.

ढोल्या गणपतीविषयी मात्र दोन शब्द जास्त बोलू द्या. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 मध्ये हे मंदिर बांधले. मूर्ती अखंड पाषाणातली, भव्य. दर्शन घेऊन भाविक तेवढ्यावरच परततात. माझी विनंती आहे की दर्शन झाल्यावर मंदिराच्या मागच्या अंगाला जावे. मागची भिंत सरळ नाही. ती माशाच्या आकाराची, मध्ये निमुळती होत गेलेली आहे. कृष्णेला पूर आला की लोंढा त्या निमुळत्या कडेवर दुभंगतो आणि दोन्ही बाजूंनी निघून जातो, भिंतीवर थेट आदळत नाही. ज्यांनी ही भिंत रचली त्यांनी आधी नदीच्या काठी उभे राहून पुष्कळ पावसाळे पाहिले असले पाहिजेत. पाणी कोणत्या अंगाने येते, कोठवर चढते, कोठे जोर धरते, हे विचारल्यावाचून असा दगड बसवता येत नाही. अडीचशेहून अधिक वर्षे ते मंदिर नदीच्या पात्रालगत उभे आहे. मुलांनो, तुमच्या परिषदेचे काम आमच्या गावात कधीपासून चालू आहे, ते त्या भिंतीला हात लावून पाहा.

आता मला ज्या माणसाविषयी बोलायचे आहे, त्याचे नाव समोर बसलेल्यांपैकी फार थोड्यांनी ऐकले असेल, याची मला खंत वाटते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी सगळ्यांना माहीत आहेत. मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादक, 1954 च्या दिल्लीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, पद्मविभूषण. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचा हा मुलगा चौदाव्या वर्षी वाईला आला तो कोणाच्या पायाशी बसायला? नारायणशास्त्री मराठे यांच्या. पुढे 1931 मध्ये संन्यास घेऊन ते स्वामी केवलानंद सरस्वती झाले. 1877 चा त्यांचा जन्म, 1955 मध्ये ते गेले. प्राज्ञपाठशाळा ही त्यांची. त्यांनी आरंभलेले धर्मकोशाचे काम पुढे शिष्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चालवले, आणि त्यांच्या मीमांसाकोशाचे सात खंड आहेत. एवढे काम करून त्यांनी स्वतःचे नाव मागेच ठेवले. शिष्याच्या कीर्तीने गुरू झाकला गेला. गुरूला त्याचे सुखच वाटले असेल, पण आम्हा वाईकरांना विसरण्याची मुभा नाही.

विनोबाजी याच पाठशाळेत शिकले, हेही मुलांना सांगितले पाहिजे. 1917 च्या सुमारास गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन ते वाईला आले आणि नारायणशास्त्र्यांकडे उपनिषदे, ब्रह्मसूत्रे वाचू लागले. पण ते केवळ ग्रंथांत बसले नाहीत. त्यांनी गावातल्या विद्यार्थ्यांचे मंडळ काढले, वाचनालय सुरू केले. पुस्तकांना पैसे कोठून आणायचे? मुलांनी जात्यावर दळण दळायचे ठरवले. दोन शेराला एक पैसा. गिरणीत जाणारे लोक आपले धान्य या मुलांकडे आणू लागले आणि त्या पैशातून वाचनालयात चारशेच्या आसपास पुस्तके जमली. हायस्कुलात जाणारी, खात्यापित्या घरची मुले जात्यावर बसतात हे त्या काळच्या वाईला रुचले नव्हते. आज त्या मुलांचा आम्हाला अभिमान वाटतो.

विश्वकोशाचे कार्यालय गंगापुरीत आहे. 1960 मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ त्याचे अध्यक्ष झाले आणि विश्वकोशाचे काम वाईला सुरू झाले. पहिला खंड 1976 मध्ये आला. मुंबई-पुणे सोडून एवढे मोठे काम तालुक्याच्या गावी का, असे तेव्हा पुष्कळांनी विचारले असेल. त्याचे उत्तर प्राज्ञपाठशाळेत होते. येथे माणसे नोंदी तपासत, शब्द पारखत, एका परिभाषेसाठी दिवसचे दिवस घालवत बसली. मे. पुं. रेगे यांच्यासारखे तत्त्वज्ञ पुढे प्रमुख संपादक झाले. पाठशाळेचे ‘नवभारत’ मासिकही वाईचेच. कोशाचा कोणताही खंड उघडा. नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचे नाव असते. जे लिहिले त्याची जबाबदारी नावानिशी घेतलेली असते. तुमच्या प्रकल्पवहीवरही तुमचे नाव आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कोणी म्हणेल, शास्त्रीबुवांच्या मीमांसेचा आणि आमच्या प्रदूषणाच्या प्रकल्पाचा संबंध काय? मी शास्त्री नाही, पण पाठशाळेत वावरलेल्या वडीलधाऱ्यांकडून जे ऐकले ते सांगतो. मीमांसेत कोणताही वाद पाच पायऱ्यांनी चालतो. आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष, आणि शेवटी निर्णय. विषयानंतर लगेच निर्णय येत नाही. मध्ये संशय असावा लागतो, म्हणजे हे असे आहे की तसे, असे मनात खरोखर दोन तट पडावे लागतात. आणि पूर्वपक्ष, म्हणजे आपल्याला न पटणारी बाजू, तिच्या पूर्ण ताकदीने मांडावी लागते. तिला दुबळी करून हरवले तर तो वाद गणला जात नाही.

परिषदेसाठी आलेल्या प्रकल्पांची शीर्षके मी वाचली आणि एका प्रकल्पापाशी थांबलो, कारण तो माझ्या धंद्याचा आहे. आमच्याच तालुक्यातल्या एका शाळेतल्या मुलींचा. पहिल्या पानावर त्यांनी लिहिले होते, ‘हळद आणि पर्यावरण’. ते खोडले आहे. खाली लिहिले, ‘हळद शिजवल्याने जंगलतोड होते’. तेही खोडले आहे, बाजूला बाईंच्या अक्षरात ‘कशावरून?’ आहे. तिसरी ओळ अशी: ‘आमच्या गावात एक क्विंटल ओली हळद काहिलीत शिजवायला किती किलो लाकूड लागते आणि ते लाकूड कोठून येते?’ मग या मुली वजनकाटा घेऊन काहिलीपाशी बसल्या. चूल पेटवण्याआधी मोळ्या तोलल्या, उरलेले लाकूड पुन्हा तोलले. शेतकरी म्हणाले, आम्ही रानातले झाड तोडत नाही, बांधावरच्या छाटणीचे लाकूड वापरतो. मुलींनी ते म्हणणे जसेच्या तसे लिहिले आहे. वाफेच्या कुकरवर हळद शिजवणाऱ्याकडे जाऊन तेथलेही लाकूड तोलले आहे. आणि शेवटी त्यांना एक नवाच प्रश्न सापडला: मोळ्या आणणाऱ्या बायकांच्या कष्टाचा हिशेब हळदीच्या भावात धरतात का? मी आयुष्यभर हळद विकली. हा हिशेब आमच्या पेढीवर कधी मांडला गेला नव्हता. विषय, संशय, पूर्वपक्ष, सगळे त्या एका वहीत आहे. शास्त्रीबुवांनी ती वही पाहिली असती तर पाठीवर हात ठेवला असता, असे मला मनापासून वाटते.

कृष्णेविषयीही प्रकल्प आले आहेत, ते येणारच. वरच्या अंगाला धोमचे धरण, खाली आमचे घाट. सणावारांचे निर्माल्य आणि गावाचे सांडपाणी नदीला सोसावे लागते. पाहुण्यांपासून आम्ही ते झाकून ठेवणार नाही. पण ‘कृष्णा का दूषित झाली?’ असा प्रश्न घेऊन घाटावर आलात तर नदी तुम्हाला काही सांगणार नाही. अमुक घाटावर, विसर्जनाच्या आदल्या आठवड्यात आणि नंतरच्या आठवड्यात, पाणी किती गढूळ होते, असे विचारा. मग ती बोलेल.

आता व्यवस्थेविषयी, कारण गेले आठ दिवस मला त्याचीच धास्ती आहे. येथे पहाटे थंडी कडक पडते. मुलांची निवासाची सोय दोन मंगल कार्यालयांत आणि शाळेच्या वर्गांत केली आहे. गाद्या पुरतील, रजया कदाचित कमी पडतील. ज्यांना कमी पडेल त्यांनी संकोच न करता स्वयंसेवकांना सांगावे, गावातल्या घरोघरी रजया काढून ठेवल्या आहेत. गरम पाणी पहाटे पाच ते सात या वेळेतच मिळेल. मुलींच्या निवासासाठी स्वच्छतागृहे आहेत त्यापेक्षा अधिक हवी होती, ती वेळेत उभी करता आली नाहीत. त्याबद्दल सर्व पालकांची आणि शिक्षिकांची मी हात जोडून क्षमा मागतो. आळीतले रस्ते अरुंद आहेत, मोठ्या बस आत येत नाहीत, म्हणून सामान घेऊन थोडे चालावे लागले. लहान मुलांना त्याचा त्रास झाला, हे मी काल रात्री स्वतः पाहिले आणि फार वाईट वाटले. परिषद पर्यावरणाची म्हणून पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या नाहीत; पिंपे भरून ठेवली आहेत, आपापला पेला धुऊन वापरावा. जेवण पत्रावळीवर आहे. पिठले, भाकरी, आमटी, आमचा इंद्रायणी भात. तिखट सोसत नसेल त्यांच्यासाठी वेगळे वरण आहे.

आभार मानावेत तितके थोडेच. तांदूळ आणि गूळ परिसरातल्या शेतकऱ्यांनी पोत्यांनी आणून टाकला, पावती नको म्हणाले. भाकऱ्या महिला बचत गटांच्या भगिनी भाजत आहेत. त्यांना योग्य मोबदला दिला जात आहे, पण पहाटे तीनला उठण्याचा मोबदला पैशांत होत नाही. मांडववाल्यांनी भाडे निम्मे घेतले. पतसंस्था, व्यापारी, डॉक्टर, वकील, माजी विद्यार्थी, परगावी नोकरीला गेलेले वाईकर, सर्वांनी हात सैल सोडला. नगरपालिकेच्या सफाई कर्मचाऱ्यांनी दोन दिवस घाट झाडून काढले. त्यांचे आभार मी सर्वांच्या आधी मानायला हवेत. एका वृद्ध बाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून देणगी दिली आणि नाव फलकावर लावू नका असे बजावले, म्हणून लावलेले नाही. बाकी देणगीदारांची नावे प्रवेशद्वाराशी आहेत. एखादे नाव राहिले असेल तर कृपया कार्यालयात कळवावे, आजच्या आज लावले जाईल. रात्रभर वर्गांत गाद्या घालणाऱ्या आमच्या महाविद्यालयीन स्वयंसेवकांना तुम्ही टाळ्या द्या.

विद्यार्थ्यांनो, तुमच्याकडे एकच मागणे आहे. निघताना आपल्या प्रकल्पवहीची एक प्रत येथे देऊन जा. सुबक टंकलेली नको, खोडलेल्या ओळी असलेली द्या. परिषद संपल्यावर त्या सगळ्या प्रती गावातल्या ग्रंथालयाकडे सुपूर्द करण्याची जबाबदारी स्वागत समिती घेते. पुढच्या वर्षी आमच्या तालुक्यातली मुले प्रश्न शोधायला बसतील, तेव्हा त्यांना वाचायला तुमच्या वह्या हव्यात.

पुन्हा एकदा सर्वांचे स्वागत करतो आणि परिषदेच्या अध्यक्षांना कामकाज सुरू करण्याची विनंती करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.